मीठ उडत नाही

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हणून हॉलमध्ये आलो तर खाऱ्या पाण्याच्या फिशटँकच्या तळाशी कोळंबी मरून पडलेली. क्लीनर श्रिम्प, पाठीवर दोन लाल पट्टे, मधे पांढरी रेघ, मिशा लांबच लांब. एका कुशीवर पडलीय आणि हलत नाहीये. पोटात गोळाच आला. झोप गेली, टेस्ट किट काढलं, सिरिंज, बाटल्या, थेंब मोजा, हलवा, उजेडात धरून रंग जुळवा. अमोनिया शून्य. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, साडेआठ डीकेएच. तापमान 25.6. सगळं ठीक आणि तरी कोळंबी मेलेली, म्हणजे आपल्याला कळत नाही असं काहीतरी झालंय, हे तर जास्तच वाईट. शेवटी चिमट्याने उचलायला गेलो तर नुसतं टरफल. आतून पोकळ. आणि खऱ्या बाईसाहेब खडकामागून मिशा हलवत माझ्याकडे बघतायत. कात टाकली होती, दुसरं काय. दर काही आठवड्यांनी टाकते आणि दर वेळी मी असाच फसतो, आणि घरात कुणाला सांगत नाही.

किट आवरताना लक्षात आलं, पाणी परत बोटाच्या जाडीएवढं खाली गेलंय. हे रोजचंच. मी मासे बघायला टँक घेतला आणि होऊन बसलो पाण्याचा कारकून. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे शाळेत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, पण टँक लावल्यावर पहिल्या आठवड्यात मी इमानेइतबारे रोज मिठाचंच पाणी वरून ओतत होतो. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे खारटपणाचा आकडा, 1.025 ची 1.030 झाली तेव्हा डोळे उघडले. नशीब तेव्हा आत फक्त खडक होते, बॅक्टेरिया जमायची वाट बघत बसलेले. आता रोज आरओचं गोडं पाणी, मग भरून झाल्यावर उगाच एकदा खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला. आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही, व्यायाम तीन दिवसांवर टिकला नाही, पण हे चुकत नाही.

तरी मीठ त्याच्या पद्धतीने निघतंच बाहेर. झाकणाच्या कडेला, पंपाच्या वायरवर, हीटरच्या क्लिपवर पांढरी खरखरीत साय धरते. ती बघितली की मला हमखास तो ग्लास आठवतो. चौथी-पाचवीत असेन, मिठाचं घट्ट पाणी करून ग्लासात दोरा सोडायचा, की त्याला स्फटिक लागतात, असं कुणीतरी सांगितलेलं. मला हिऱ्यासारखा एक मोठा हवा होता. पंधरा दिवस रोज सकाळी उठलो की आधी खिडकीपाशी. दोऱ्याला काही फारसं लागलं नाही, पण मीठ ग्लासाच्या आतून चढून काठावरून बाहेर उतरलं, खिडकीच्या कट्ट्यावर पसरलं, शेजारच्या पुस्तकाला लागलं. आई म्हणाली, काय हा पसारा घालून ठेवलायस. बाबा पेपरामागे. बाबा अशा वेळी कायम पेपरामागेच असायचे. आईने ओल्या फडक्याने कट्टा पुसला पण ग्लास नाही टाकला, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

असो. पाहुणे. आले की पहिला प्रश्न, मासे एवढेच? दोनच आहेत, हो. दुसरा प्रश्न, ही झाडं खरी आहेत का? इथे मात्र माझं डोकं फिरतं. झाडं नाहीत हो, कोरल आहेत, म्हणजे प्रवाळ, प्राणी आहेत, तोंड आहे, पोट आहे, रात्री यांची भांडणं बघा, तो गॅलेक्सिया जातीचा कोरल लांब सोंडा सोडून शेजाऱ्याला भाजून काढतो, म्हणून त्याला एकटा कोपऱ्यात टाकलाय. मग पेसोनेलची गोष्ट सुरू, की अठराव्या शतकात या फ्रेंच डॉक्टरने प्रवाळ हे झाड नसून प्राणी आहे असं कळवलं, तर त्याची शोभा होऊ नये म्हणून शास्त्रज्ञ रेओम्यूरने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याचं नावच घेतलं नाही. तोवर पाहुणे मोबाईलमध्ये. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही, की या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात साखर करतं आणि काही कोरलांचं नव्वद टक्क्यांपर्यंत पोट त्यावरच चालतं, म्हणजे झाड म्हणणारा अगदीच चुकत नाही. हे कशाला सांगा.

तर ते दोन मासे क्लाउनफिश. मोठी ती मादी, छोटा तो नर. यांच्यात सगळे आधी नरच असतात, त्यातला जो वरचढ तो मादी होतो. आणि मादी गेली की मागे राहिलेला नर तिची जागा घेतो, आधी वागणं बदलतं, शरीर त्यानंतर सावकाश. वाचलं तेव्हा गंमत वाटली होती.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात. पेपर येतो, घडी न मोडता पडलेला असतो. चारच्या सुमारास उठतात, ओलं फडकं घेतात आणि टँकच्या झाकणाचं मीठ पुसतात, वायरीसुद्धा, एकेक. आजही आले. मी टरफल हातात घेऊन उभा. पुसता पुसता म्हणाले, काय हा पसारा घालून ठेवलायस.

मी त्यांना क्लाउनफिशचं ते सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, हं म्हणाले, फडकं पिळलं.

मग म्हणाले, पाणी कमी झालंय बघ तुझं.