‘द हिच-हायकर’चं वाळवंट: मेक्सिको विसरा, लोन पाइन गाठा

दिग्दर्शिका आयडा लुपिनोच्या १९५३च्या ‘द हिच-हायकर’ या सिनेमातले खडक बघायला मेक्सिकोत जाऊ नका. पडद्यावर मासेमारीला निघालेले दोन मित्र, मागच्या सीटवर पिस्तूल घेऊन बसलेला खुनी आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियातून सान्ता रोसालियापर्यंतची फरपट. ज्या बिली कुकच्या गुन्ह्यांवर सिनेमा बेतलाय, तो १९५१ साली खरोखरच सान्ता रोसालियात सापडला होता, म्हणून माणूस फसतो. खडक मात्र अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे, लोन पाइन गावाच्या पश्चिमेला असलेल्या अलाबामा हिल्सचे.

लॉस एंजेलिसहून अंदाजे ३४० किलोमीटर, हायवे ३९५ने साडेतीन-चार तास. त्यात सांगण्यासारखं काही नाही. गावातल्या सिग्नलला व्हिटनी पोर्टल रोडवर डावीकडे वळायचं, तीनेक मैलांवर उजवीकडे मूव्ही रोड.

खरी फसवणूक इथे सुरू होते. ‘कुठलीही गाडी जाते’ असं जो तो सांगतो. जाते, पण कशी? डांबर थोड्याच अंतरात संपतं आणि पुढचा रस्ता म्हणजे आडवा टाकलेला पन्हाळी पत्रा. मोबियस आर्च या दगडी कमानीच्या पार्किंगपर्यंत छोटी गाडीही सावकाश पोचते. त्यापुढे उत्तरेला आणि विशेषतः बाजूच्या फाट्यांवर मऊ वाळू आहे. तिथे कमी उंचीची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घालणं हा शुद्ध मूर्खपणा. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही, असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. पोटाखालचं प्लॅस्टिकचं आवरण हादऱ्यांनी क्लिपांतून सुटतं, लोंबतं, आणि परत करताना त्याचं बिल तुमच्या नावावर. ओढून आणायचा खर्च वेगळाच.

डांबर संपताच टायरमधली हवा ३३ पीएसआयवरून २५वर आणा. ताशी १०-१५ मैल, जास्त नको. वाळूत चाक फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर लगेच सोडा. रेटलंत तर चाक खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. चाकांपुढची वाळू हाताने उपसा, पायाखालचे मॅट उलटे करून चाकाखाली सरकवा, आत शिरलात त्याच चाकोरीने मागे या. छोटं फावडं आणि बारा व्होल्टचा पंप नसेल तर फाट्यांच्या वाटेला जाऊच नका. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. पाणी कुठेच नाही, माणशी चार लिटर धरा.

वेळेबद्दलही उलटाच सल्ला देतोय. सगळे पहाटे जायला सांगतात, कारण समोरच्या माउंट व्हिटनीचं शिखर तेव्हा गुलाबी होतं. पोस्टकार्ड हवं असेल तर जरूर जा. पण सिनेमाचा छायालेखक निकोलस मुसुराका याच्या कॅमेऱ्यातला भगभगीत, लपायला जागा न ठेवणारा उजेड हवा असेल तर अकरा ते दोन. उन्हाळ्यात हे जमायचं नाही, पारा चाळीस अंश सहज गाठतो. एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा. दुपार उलटली की सूर्य लवकर सिएरा नेवाडा पर्वताच्या भिंतीआड जातो आणि सगळं सपाट करडं दिसतं.

सिनेमातली चौकट समोरच्या खडकांशी जुळवताना झुडपांवर विसंबू नका, सत्तर वर्षांत ती कुठली राहायला? खडकांमधल्या खाचा आणि आकाशाला लागलेली कड जुळवा. सिनेमा ७१ मिनिटांचाच आहे, फोनवर आधी उतरवून घ्या. गावातल्या वेस्टर्न सिनेमाच्या संग्रहालयात मूव्ही रोडचा नकाशा मिळतो, पण त्यात घोडे आणि काउबॉयच फार. (१९३९च्या ‘गंगा दीन’साठी याच टेकड्या आपला वायव्य सरहद्द प्रांत झाल्या होत्या, हे कळल्यावर मेक्सिकोचं काय घेऊन बसलात!)

मुक्कामाला मोफत परवाना लागतो आणि ठरवून दिलेल्या जागीच तंबू टाकता येतो. गावाच्या दक्षिणेला, हायवे १३६ फुटतो तिथल्या पर्यटक केंद्रात विचारा.

परतताना डांबर लागलं की तिथेच थांबून हवा पुन्हा ३३वर. २५वर हायवेचा वेग धरलात तर टायरची बाजू तापते आणि फाटते, आणि ३९५वर दोन गावांमधलं अंतर लांब आहे.