पोषणाचं प्रमाणपत्र, एक वजनकाटा आणि सहा शनिवार: माझा अनुभव

आमच्या योगवर्गाला येणारे एक काका मे महिन्यात फार थकलेले दिसले. उकाडा, घाम, त्यात वय. मी सहज म्हटलं, "काका, रोज एक शहाळं घ्या, बरं वाटेल." मालवण तालुक्यात हा सल्ला कुणीही कुणालाही देतो. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी वर्ग संपेपर्यंत बाहेर थांबली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, बाबांका डॉक्टरांनी शहाळा बंद केलेला आसा. किडनीचो त्रास आसा त्यांका."

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडं नीट चालत असतील तर जादा पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ती दुबळी झाली की ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुलगी जागरूक होती म्हणून काही घडलं नाही. पण माझ्या वर्गाच्या दारावर 'योग व आहार सल्ला' अशी पाटी होती, आणि त्या रात्री ती माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

'आहार सल्ला' हे शब्द मी कशाच्या जोरावर लिहिले होते? दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सच्या. आधी चित्रित केलेले व्हिडिओ, शेवटी २० प्रश्न, आणि लगेच छापून घेता येईल असं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. त्यावर माझ्या नावापुढे 'न्यूट्रिशनिस्ट' असं लिहिलं होतं. मूत्रपिंड हा शब्द त्या दोन दिवसांत एकदाही आला नव्हता. कोर्स कुणाचा ते सांगत नाही, कारण असे कोर्स पुष्कळ आहेत आणि योग, जिम, झुंबा शिकवणारे आम्ही बरेच जण त्यातूनच आलो आहोत.

नीट शिकायचं ठरवलं तेव्हा आधी एक गोष्ट समजून घेतली. आहारतज्ज्ञ, म्हणजे रुग्णाला आजारानुसार आहार ठरवून देणारी व्यक्ती, होण्यासाठी त्या विषयातली पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण लागतं. 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ही नोंदणी इंडियन डायेटेटिक असोसिएशनच्या परीक्षेनंतर मिळते. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्यातही आहार आणि पोषण क्षेत्रातल्या व्यावसायिकांचा समावेश आहे. माझं वय ४३, घर, आंब्याची कलमं, सासूबाईंचं आजारपण. तो लांबचा रस्ता मला जमणारा नव्हता. मग माझ्या कामापुरतं काय हवं? निरोगी माणसाने रोज काय आणि किती खावं हे पक्कं माहीत असणं, आणि आपण कुठे थांबायचं हे कळणं.

त्यासाठी मी इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, अन्न आणि पोषण या विषयातला प्रमाणपत्र अभ्यासक्रम निवडला. किमान मुदत ६ महिने, जास्तीत जास्त २ वर्षं. जानेवारीच्या सत्राला अर्ज भरला. कागदपत्रांत माझेच घोळ होते: जुन्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला काढलेलाच नव्हता, तो काढण्यात पंधरा दिवस गेले. लग्न झालेल्या बायकांनी अर्ज उघडण्याआधी हा दाखला हाताशी ठेवावा, एवढं कळकळीने सांगते.

पुस्तकं हिंदीत घेतली. पहिल्या आठवड्यात वाटलं, हे सगळं आपल्यासाठी नाहीच. 'रागी', 'कुल्थी', 'सहजन'. मग एक वही केली. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे आपला: नाचणी, कुळीथ, शेवगा. ती वही भरत गेली तसा माझा अभ्यास घरच्या चुलीपर्यंत आला. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. हा हिशेब मी खरा मानला आणि रोज पहाटे वर्गाआधी दीड तास बसले.

त्या पहाटेंनी मला काय दिलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज गरिबाचं खाणं म्हणून मागे पडत चालली आहे. भात, म्हणजे न कांडलेली साळ, भिजवून टरफलासकट वाफवला की कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात आत मुरतं. त्यामुळे पुढे कांडला तरी न उकडलेल्या, पांढऱ्याशुभ्र सुरय तांदळापेक्षा उकड्यात ते जास्त उरतं. शिवाय पेजेचं पाणी आपण फेकत नाही. हे वाचलं तेव्हा माझी आजी आठवली आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

नाचणीचंही तसंच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात ते जेमतेम ८-१० असतं. पण आम्ही बाळांसाठी नाचणीचं सत्त्व करतो, तेव्हा भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून चोथा टाकून देतो. नाचणीतल्या कॅल्शियमचा बराच भाग सालीत असतो आणि तो चोथ्याबरोबर जातो. लहान बाळाला गाळलेलं सत्त्व पचायला हलकं, हे खरं. पण शाळकरी मुलाला मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं सबंध पीठच द्यावं. मोड आणल्याने खनिजं अडवून धरणारं फायटेटही कमी होतं. माझ्या दोन्ही मुलांना मी नववीपर्यंत गाळलेलं सत्त्व देत होते.

स्वाध्याय हाताने लिहून वेळेत पाठवले. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जून सोडून दिला, कारण आंब्याचा शेवट आणि पावसाची सुरुवात या दिवसांत आमच्याकडे कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. डिसेंबरमध्ये आदल्या दिवशी एसटीने कणकवली, तिथून गाडी, बहिणीकडे मुक्काम. वीस वर्षांनी सलग तीन तास लिहिलं. बोटं आखडली. पास झाले.

कागद आला तेव्हा आधी पाटी उतरवली. नवीन पाटीवर 'योग आणि आहार शिक्षण' एवढंच आहे. मधुमेह, मूत्रपिंड, थायरॉईड, गरोदरपण यातलं काही असेल तर मी आहाराचा तक्ता देत नाही, डॉक्टरांकडे आणि रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांकडे पाठवते. सुरुवातीला दोन-तीन जणी नाराज झाल्या. "एवढं शिकून आता सांगत नाही म्हणजे काय?" पण शिकले म्हणूनच सांगत नाही.

शाळेत जाऊन मुलांना हे शिकवायचं मनात होतंच. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी अर्ज मागितला, विषयांची यादी मागितली आणि प्रत्येक तासाला वर्गशिक्षक हजर राहतील अशी अट घातली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकांनी विचारलं, "काही विकणार वगैरे नाही ना? पावडर, डबे?" हा प्रश्न मला फार योग्य वाटला. मी लेखी दिलं की काहीही विकणार नाही. सहावी-सातवीचे सहा शनिवार मिळाले.

पहिल्या शनिवारी मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन गेले. शाळेत दुपारी मिळणाऱ्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल धरलेलं असतं. त्यातून साधारण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. मुलांनी आधी अंदाजाने मुठीने तांदूळ काढायचे आणि मग वजन करायचं. कुणाचे ९० ग्रॅम भरले, कुणाचे २१०. तेवढ्यात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "माका मोजूची गरज नाय, माझी वाटी ठरलेली आसा," म्हणाल्या आणि त्यांनी आपली स्टीलची वाटी भरून काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा केल्यावर १५२ ग्रॅम. वर्गात टाळ्या पडल्या. त्यानंतर प्रत्येक शनिवारी पहिली दहा मिनिटं मी मावशींना दिली.

दुसऱ्या शनिवारी घरी काल काय खाल्लं ते लिहायला सांगितलं. एका मुलाने कागद कोराच ठेवला. जवळ जाऊन विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "रोजची पेज, आणि सुको जवळो." बाजूच्याने पिझ्झा लिहिला होता, तोही बहुधा न खाल्लेला. मी नाव न घेता फळ्यावर पेज आणि सुका जवळा लिहिलं आणि त्याचाच पाठ घेतला. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, ती सालासकट, सबंध खाल्ली जाते, म्हणून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळतं. वाळवल्यामुळे पाणी गेलेलं, म्हणून मूठभरात पुष्कळ. ताटात कमी आहे ती भाजी. मग परसातला टाकळा, शेवग्याचा पाला, अळू. पाल्यातलं लोह शरीराला सहज लागत नाही, वर लिंबू पिळलं किंवा आवळा खाल्ला तर जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. त्या मुलाने तास संपायच्या आत कागद भरून दिला.

लेबल वाचण्याच्या शनिवारी मुलांनी शीतपेयाची बाटली स्वतः वाचली. १०० मिलिलिटरमागे साखर १० ग्रॅमच्या वर, बाटली २५० मिलिलिटरची, चमचा ५ ग्रॅमचा. गुणाकार त्यांनीच केला आणि पाच चमचे साखर पेल्यात ओतून ठेवली. मग एकीने विचारलं, "आणि आमचा कोकम सरबत?" मी मनातून थोडी हलले, कारण कोकम आमचा अभिमान. पण खरं तेच सांगायला हवं. अमृत कोकम साखरेचे थर देऊनच करतात. घरचं आहे म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, सोलकढी वेगळी, तिच्यात साखर नाही, पण आगळात मीठ असतं आणि दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं.

तिसऱ्या शनिवारी जे घडलं ते मुद्दाम शेवटी सांगते आहे. सातवीतली एक मुलगी ताटात फक्त आमटी घेत होती. शिक्षिका म्हणाल्या, पंधरा-वीस दिवस असंच चाललंय. मी तिला व्हरांड्यात विचारलं. "भात खाल्लो की वजन वाढता, असा आई सांगता." तिची आई माझ्या वर्गाला येते. 'भात सोडा' हे मीच कित्येक वर्षं माझ्या वर्गात सांगत आले होते. माझं वाक्य एका घरात गेलं आणि बारा वर्षांच्या, वाढीच्या वयातल्या मुलीच्या ताटातून भात गेला. या वयाच्या मुलीची गरज रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २८ मिलिग्रॅम लोह एवढी मोठी. ती उपाशीपोटी चालत घरी जात होती.

सोमवारी सकाळी वर्ग सुरू करण्याआधी मी सगळ्यांसमोर सांगितलं की भाताबद्दल मी चुकीचं सांगत होते. ताटात भात किती आणि त्याच्यासोबत डाळ, मासे, भाजी किती, हा प्रश्न आहे. आणि मोठ्यांचं वजन कमी करण्याचं बोलणं मुलांच्या कानावर पडू देऊ नका. त्या मुलीच्या आईशी एकटीने बोलले. ती रडली, मीही रडले. शाळेत मी स्वतःला नियम घातले: मुलांचं वजन कधीही करायचं नाही, 'जाड', 'बारीक' हे शब्द उच्चारायचे नाहीत, कुठल्याही पदार्थाला 'घाण' म्हणायचं नाही. आठवड्याच्या लोहाच्या निळ्या गोळीबद्दल मुलींनी विचारलं तेव्हा जेवणानंतर घ्यायची एवढं सांगितलं, आणि मळमळ, पोटदुखी याविषयी आरोग्यसेविकांनाच बोलावलं.

सहाव्या शनिवारी परीक्षा घेतली, पण तोंडी आणि ताटावर. प्रत्येकाने घरात मिळणाऱ्या वस्तूंतून एका दिवसाचं खाणं मांडायचं आणि कारण सांगायचं. घावणे, कुळथाची पिठी, तारल्यांचं तिखलं, भारंगीची भाजी, पिकलेली केळी. ३१ मुलांना मुख्याध्यापकांच्या सहीची प्रशस्तिपत्रं दिली. आणखी एक मी आदल्या रात्री हाताने लिहून नेलं होतं, मावशींच्या नावाचं. ते त्यांनी धान्याच्या कोठीच्या दारावर आतून चिकटवलं आहे.

ती मुलगी आता भात घेते, कमी घेते, पण घेते. पुढच्या जूनपासून पाचवीचा वर्गही द्यायचं शाळेने ठरवलं आहे. त्यांचं प्रमाण वेगळं, १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ. मावशींकडे त्यासाठी दुसरी वाटी आहे.