दर बदलला तर कुठं हात घालायचा?

आमच्या गावच्या डेअरीत मी हिशेब बघते. गाव खानापूर तालुक्यातलं. म्हशीचं दूध कोल्हापूरकडच्या खरेदीदाराला जातं, गाईचं बेळगावच्या संघाला. दोघांची दरपत्रकं वेगळी, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) काढायची सूत्रं वेगळी, आणि एकाला कागद मराठीत लागतो तर दुसऱ्याला कन्नडात. सीमाभागात राहणाऱ्याला याचं काही नवल नाही. कम्प्युटरला मात्र हे सगळं नीट समजावून सांगावं लागतं. ते सांगायला शिकता शिकता पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली फंक्शन्स (एकेक काम करणारे, नाव दिलेले तुकडे) आणि मोड्यूल्स (अशा तुकड्यांच्या फाईली) माझ्या हाताखाली आली, आणि ती मला पटली ती क्लासमध्ये सांगितलेल्या कारणासाठी नव्हे.

क्लास बेळगावच्या टिळकवाडीत, संध्याकाळच्या पाळीचं दूध गेल्यावर. पिरनवाडी, उद्यमबाग करत बस तिसऱ्या गेटला सोडायची. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. खरं सांगायचं तर ही सोय नसती तर मी क्लासला नाव घातलंच नसतं. सर धारवाडकडचे. शिकवायचे इंग्रजीत, वैतागायचे कन्नडात, आणि आमचे चेहरे बघून तेच पुन्हा मराठीत सांगायचे. मराठी माध्यमात शिकलेल्यांची तिथं अडचण झाली ती पायथनची नव्हे, पुस्तकातल्या इंग्रजीची. पायथनचे स्वतःचे राखीव शब्द तर जेमतेम पस्तीसेक. ते पाठ व्हायला काही वेळ लागत नाही.

फंक्शनचा धडा सगळ्या पुस्तकांत एकाच वाक्यानं सुरू होतो: तेच तेच पुन्हा लिहावं लागू नये म्हणून फंक्शन. हे खोटं नाही. सरांनी त्याचा इतिहासही सांगितला. केंब्रिजच्या एडसॅक या कम्प्युटरवर १९४९ पासून काम सुरू झालं तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी सबरूटीनची पद्धत बसवली. एक काम एकदाच लिहून ठेवायचं, लागेल तेव्हा तिकडं उडी मारायची आणि काम झालं की जिथून आलो तिथं परत यायचं. ‘परत यायचं’ हा यातला खरा अवघड भाग. आज आपण फंक्शनला हाक मारतो तेव्हा परतीचा पत्ता पायथनच लक्षात ठेवतो, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

पण नुसतं पुन्हा लिहायचा कंटाळा म्हणून फंक्शन करायचं असेल तर कॉपी-पेस्ट आहेच की. माझा पहिला हिशेब तसाच होता. सकाळ पाळीची गाय, सकाळ पाळीची म्हैस, संध्याकाळची गाय, संध्याकाळची म्हैस, असे चार जवळजवळ सारखे तुकडे एकाखाली एक. चालत होता आणि बिलंही बरोबर येत होती. त्यामुळं सर फंक्शनचे गोडवे गात होते तेव्हा मी मनात म्हणत होते, माझं काय अडलंय?

आधी रिटर्न आणि प्रिंट यांचं सांगते, कारण क्लासमधल्या निम्म्या लोकांचं घोडं तिथंच अडलं होतं. दोन्हीत उत्तर ‘मिळतं’ असंच वाटतं. आमच्या डेअरीत फॅट तपासणारा पोरगा बाटलीचा आकडा मोठ्यानं ओरडून सांगतो, ते प्रिंट. सगळ्यांना ऐकू जातं, पण माझ्या वहीत काही उतरत नाही. तोच आकडा चिठ्ठीवर लिहून त्यानं माझ्या हातात दिला तर मी त्याला लिटरनं गुणू शकते, ते रिटर्न. फंक्शनमध्ये रिटर्न लिहिलंच नाही तर पायथन गप्प ‘नन’ नावाची पोकळ किंमत परत देतो, आणि पुढं गुणाकार करायला गेलं की तिथं एरर येतो. चूक एकीकडं असते आणि बोंब दुसरीकडं उठते.

मग एसएनएफ. दुधात फॅट सोडून जे घन पदार्थ असतात ते हे. लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या नळीची, डिग्री आणि फॅट यांवरून काढतात. एका सूत्रात तापमानाप्रमाणं दुरुस्त केलेली डिग्री भागिले ४, त्यात फॅट गुणिले ०.२१ आणि वर ०.३६ मिळवायचे. दुसऱ्यात फॅटला ०.२५ नं गुणतात आणि वर ०.४४ मिळवतात. डिग्री २८ आणि फॅट ६ धरा. पहिल्यानं ८.६२ येतं, दुसऱ्यानं ८.९४. दूध तेच, म्हैस तीच, आणि एसएनएफच्या पायरीवर दर ठरत असेल तर पैसे वेगळे. गवळ्याला हे माहीत असतं, तोंडानं सूत्र सांगता येत नसलं तरी.

याचं फंक्शन लिहिताना डिफॉल्ट किमतीची सोय उपयोगी पडली. फॅट आणि डिग्री ही दोन मापं दर वेळी द्यायचीच. ०.२१ आणि ०.३६ हे आकडे मात्र फंक्शनच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवायचे. कुणी वेगळे दिले तर ते घे, नाही दिले तर हे. त्यामुळं सूत्र एकच राहिलं आणि दोन्ही खरेदीदार त्यात बसले. एक पथ्य सरांनी बजावून सांगितलं: डिफॉल्ट म्हणून आकडा, अक्षरं असं काही ठेवा, रिकामी लिस्ट ठेवू नका. ती किंमत फंक्शन लिहिलं जातं तेव्हा एकदाच तयार होते आणि प्रत्येक हाकेला तीच वापरली जाते. म्हणजे पहिल्या उत्पादकाच्या नोंदी दुसऱ्याच्या खात्यात दिसायला लागतात. डेअरीत असं झालं तर कॉम्प्युटर राहील बाजूला, भांडण आधी.

आता ज्या गोष्टीनं माझं मत बदललं ती. खरेदीदाराचा नवा दर कागदावर येतो, बहुधा अमुक तारखेपासून लागू म्हणून, आणि ती तारीख दहा दिवसांच्या बिलाच्या मधेच पडते. माझ्या चार तुकड्यांच्या हिशेबात दर आठ-दहा ठिकाणी पसरला होता. त्याच सुमारास सरांनी सॉफ्टवेअरचे अभ्यासक डेव्हिड पार्नस यांचं नाव घेतलं. १९७२ मध्ये त्यांनी मांडलं की प्रोग्रामचे भाग पाडताना आधी काय होतं आणि मग काय होतं या क्रमानं पाडू नका. जे ठरलेलं पुढं बदलण्याची शक्यता आहे, असं एकेक ठरलेलं एकेका मोड्यूलच्या आत लपवा. बाकीच्या भागांना त्याचा पत्ताही नको. पन्नास वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्या माणसाला आमच्या दरपत्रकाची काय कल्पना असणार, पण मला वाटलं माझीच वही बघून बोलतोय.

त्या दिवसापासून मी फंक्शन किती ओळींचं झालं हे मोजायचं सोडलं. उद्या काय बदलेल आणि कोण बदलेल, एवढंच विचारायला लागले. दर खरेदीदार बदलतो. कपात, म्हणजे पशुखाद्याची पोती आणि उचल, आमची कमिटी बदलते. पावतीवर काय छापायचं ते चेअरमन बदलतात, तेही वारंवार. अशा तीन फाईली झाल्या: दर, कपात, पावती. चौथी फाईल या तिघींना हाका मारणारी. दराच्या फाईलमधलं फंक्शन तारीख, जनावर, फॅट आणि एसएनएफ घेतं आणि एक आकडा परत देतं. तो कुठल्या कागदावरून आला ते बाहेर कुणालाच ठाऊक नसतं. बिलाच्या मधे दर बदलला तरी चौथ्या फाईलला हात लावावा लागत नाही.

रुपयाच्या पूर्णांकाचं प्रकरण मात्र या सगळ्यापेक्षा नाजूक निघालं. आमच्याकडं बिल अखेरीस पूर्ण रुपयात करतात. पायथनमध्ये त्यासाठी राउंड नावाचं तयार फंक्शन आहे. १२४०.५० चं त्यानं १२४० केलं आणि १२४१.५० चं १२४२. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोघींची बिलं होती ही, आणि दोघी पावत्या एकत्र बघणारच. एक काकू काउंटरवर येऊन म्हणाल्या, “तिचा अर्धा रुपया वर आणि माझा खाली, असं का गं? माझ्या म्हशीनं काय घोडं मारलंय?”

पायथनचं चुकत नाही. बरोबर अर्ध्यावर आकडा आला की तो जवळच्या सम संख्येकडं जातो, म्हणजे मोठ्या बेरजेत नेहमी वरच ओढल्यानं होणारा फरक टळतो. बँकांच्या जगात हे चालत असेल. काकूंना सम-विषम कसं सांगणार? आणि का सांगायचं? अर्धा आला की वर, हा गावाचा नियम आहे, आणि हिशेब गावाचा आहे. डेसिमल नावाचं मोड्यूल पायथनबरोबरच येतं. त्यात पूर्णांक कसा करायचा हे आपण सांगू शकतो. शिवाय ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३ च्या पुढं शेपूट लागतं तोही त्रास जातो, फक्त आकडा त्याला अवतरणात, अक्षरांसारखा द्यायचा. मी ‘रुपया_कर’ नावाचं दोन ओळींचं फंक्शन केलं आणि सगळ्या फाईलींना तेच वापरायला लावलं. माझ्या सगळ्या कामात हे सर्वांत लहान फंक्शन, आणि कमिटीच्या बैठकीत चर्चा झाली ती एवढ्या एकाच फंक्शनची. अर्धा वर न्यायचा, पाव खाली, असा ठराव लिहिला तेव्हा कुठं ते मी अंतिम केलं.

तयार मोड्यूलं बघायची सवय लागली ती त्यातूनच. बिलं दहा दिवसांची, पण महिन्याचं शेवटचं बिल आठ ते अकरा दिवसांचं होतं. लीप वर्ष वगैरे हाताने लिहायच्या तयारीत होते, तेवढ्यात कॅलेंडर मोड्यूल सापडलं. त्यातल्या मंथरेंज या फंक्शनला २०२४ आणि २ (फेब्रुवारी) दिले की ३ आणि २९ असे दोन आकडे येतात. २९ म्हणजे दिवस, हे कळतं. ३ म्हणजे महिन्याचा पहिला वार, आणि वार सोमवारपासून शून्यानं मोजलेला, म्हणजे गुरुवार. एक फंक्शन दोन गोष्टी परत देऊ शकतं हे तोवर मला माहीत नव्हतं.

माझ्याबरोबरच्या एका मुलानं स्वतःच्या फाईललाच कॅलेंडर नाव दिलं आणि तासभर डोकं धरून बसला. दुसरी फाईल वापरायला आत घ्यायची त्याला इम्पोर्ट म्हणतात. इम्पोर्ट म्हटलं की पायथन आधी चालू फाईलच्या फोल्डरमध्ये शोधतो. तिथं त्याचीच फाईल सापडली आणि तिच्यात मंथरेंज कुठून असणार? २०२४ च्या शेवटी आलेल्या ३.१३ आवृत्तीत निदान एरर सांगतो की तुमच्या फाईलचं नाव तयार मोड्यूलसारखं आहे, बदलून बघा. जुन्या आवृत्तीवर असाल तर नाव देतानाच जपा.

इम्पोर्टचं आणखी एक. इम्पोर्ट म्हणजे ती फाईल वरपासून खालपर्यंत खरोखर चालवली जाते. पावतीच्या फाईलच्या शेवटी तपासणीपुरत्या छपाईच्या ओळी राहिल्या असतील तर नुसतं इम्पोर्ट केल्यावरही प्रिंटर सुरू होतो. म्हणून तपासणीच्या ओळी ‘ही फाईल थेट चालवली असेल तरच’ या अटीखाली ठेवतात. दोन अंडरस्कोर, नेम, दोन अंडरस्कोर, ती प्रसिद्ध अट. पहिल्या दिवशी ती मंत्रासारखी वाटते, प्रिंटरमधून नको असलेला कागद आला की अर्थ कळतो. उलट, एकदा इम्पोर्ट झालेली फाईल प्रोग्राम चालू असतानाच पुन्हा इम्पोर्ट केली तर पुन्हा चालत नाही, आधीचीच वापरली जाते. दर बदलूनही जुनाच येतोय असं वाटलं तर प्रोग्राम बंद करून चालू करा.

मराठीचं काय, असं मला बरेच जण विचारतात. पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत देता येतं, आणि राखीव शब्द तेवढे इंग्रजीत राहतात. मी दिलीत. सरांना आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, उद्या दुसऱ्यानं हे सांभाळायचं झालं तर? माझं म्हणणं, दुसरा म्हणजे आमच्याच गावचा असणार. जुन्या रजिस्टरातले मराठी आकडे तसेच टाइप केले तरी पायथन त्यांची संख्या करतो, कन्नड आकड्यांचीही. अडलं ते एक्सेलमध्ये. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी) फाईल उघडली की नावांच्या जागी चौकोन आणि चिन्हं. लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की नावं सरळ दिसतात.

सध्या गाईच्या दुधाचं प्रोत्साहन धन हातात आहे. कर्नाटक सरकार संघाला घातलेल्या दुधावर लिटरमागे ठरावीक रक्कम देतं, ती थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जातं. आमच्या बिलात ते येत नाही, पण यादी आम्हालाच द्यावी लागते, आणि यादी लिटरवर. आमचा काटा मात्र किलो दाखवतो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणून किलोला त्यानं भागणारं एक फंक्शन लिहून ठेवलंय, १.०३ डिफॉल्ट. ते कुठल्या फाईलमध्ये जावं यावर अजून माझं ठरत नाही. दराच्या नको, कारण दर बदलणारे वेगळे. बहुतेक पाचवी फाईल होईल. चेअरमनमामांना एवढंच हवंय की यादी सोमवारपर्यंत जावी.