आयर्विन पुलाचा प्रोग्रॅम: आता पीएमडीच्या इशाऱ्यांवर काम

आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी नोंदवणारा माझा जावा प्रोग्रॅम चालू झालाय. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तेच कोडमध्ये उतरवलंय. हा टप्पा मात्र पीएमडी आणि स्पॉटबग्ज (प्रोग्रॅम न चालवताच कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारी साधनं) कशाबद्दल कुरकुरतात ते समजून घेण्यात गेला.

सगळ्यात भारी इशारा पीएमडीचा: ओव्हरराइड होऊ शकणारी, म्हणजे चाइल्ड क्लासला आपल्या पद्धतीनं बदलता येणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधून) बोलावू नका. माझ्याकडं 'पूल' हा पॅरेंट क्लास; त्याचा कन्स्ट्रक्टर शेवटी 'तपासा' ही पाणी इशारा पातळीला पोचलं का ते बघणारी मेथड बोलावतो. 'आयर्विन' हा चाइल्ड क्लास इशारा पातळी फाइलमधून वाचून स्वतःच्या फील्डमध्ये ठेवतो आणि 'तपासा' ओव्हरराइड करतो. दिसायला काहीच वावगं नाही. पण जावात आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर पुरा होतो, मग चाइल्डची फील्डं भरली जातात. म्हणजे 'तपासा' चालते तेव्हा इशारा पातळी असते ०. नदी १२ फुटांवर निवांत वाहतेय आणि प्रोग्रॅम पूर आला म्हणून बोंबलतोय!

गंमत पुढंच आहे. तेच फील्ड फायनल (नंतर न बदलणारं) करून त्यात थेट ४० लिहा, बोंब बंद. कारण असा ठरलेला आकडा कंपायलर वापराच्या जागीच चिकटवून टाकतो. खोट मात्र तशीच राहते. सी शार्पमध्ये फील्डला दिलेली सुरुवातीची किंमत पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरआधीच बसते आणि सी प्लस प्लसमध्ये त्या वेळी पॅरेंटचीच मेथड चालते. त्यामुळं जावावाल्याचा सल्ला तिकडं जसाच्या तसा लावू नये.

मी तपासणी कन्स्ट्रक्टरबाहेर काढली. आता एक स्टॅटिक मेथड ऑब्जेक्ट पूर्ण बनवते आणि मगच 'तपासा' बोलावते.

स्पॉटबग्जला खटकलं ते नोंदींची यादी गेटरमधून (फील्ड बाहेर देणाऱ्या मेथडमधून) उघडी देणं. तिथं यादीची न बदलणारी प्रत देणारं 'लिस्ट डॉट कॉपीऑफ' लावलं. 'कलेक्शन्स डॉट अनमॉडिफायेबललिस्ट'नंही बाहेरून बदल होत नाही, पण आतली यादी बदलली की तीही बदललेली दिसते. मला या नोंदींचा आलेख काढायला स्थिर प्रत हवी.

पीएमडीचा 'डेटा क्लास'चा इशारा (क्लासमध्ये नुसता डेटा आहे, काम काहीच नाही) सरळ दुर्लक्षिला. तारीख, वेळ, फूट एवढंच धरणाऱ्या नोंदीत मेथडी कोंबायच्या कशाला? तिचं रेकॉर्ड (जावातला नुसता डेटा धरणारा क्लास) करून टाकलं.

पुढं अंकली पूल जोडायचाय. त्याचे आकडे वेगळे, पण फरक फक्त आकड्यांचाच असेल तर वेगळा चाइल्ड क्लास हवा कशाला? पातळ्या 'पूल'च्या कन्स्ट्रक्टरला पुरवल्या आणि क्लास फायनल केला (म्हणजे त्याचा चाइल्ड क्लास बनूच शकत नाही), की ओव्हरराइडचा प्रश्नच मिटतो. 'आयर्विन' क्लास बहुतेक उडवणार.