गोलमेज परिषदेच्या बोटी पुढे युद्धावर गेल्या

बाबासाहेबांचं कुठलंही चरित्र घ्या, पहिल्या गोलमेज परिषदेच्या प्रकरणात एक ओळ हमखास असते. ४ ऑक्टोबर १९३० ला ते मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने निघाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेला १५ ऑगस्टला 'मुलतान' बोटीने. आणि त्याच महिन्यात २९ तारखेला गांधीजी 'राजपुताना'ने. आपण ती ओळ वाचतो आणि पुढे जातो, कारण पुढे परिषद, वाद, स्वतंत्र मतदारसंघ हे सगळं यायचं असतं, बोटीच्या नावाशी कोण थांबणार. पण मला जहाजांचं वेड लहानपणापासूनच, त्यामुळे मी तिथेच थांबतो, आणि या तिन्ही बोटींचा माग काढायला गेलं की माणूस थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोचतो.

तिन्ही बोटी पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या. बॅलार्ड पिअरला बोट लागायची, तिथल्याच मोल स्टेशनातून उत्तरेकडच्या मेल गाड्या सुटायच्या. इकडून जाणारे एडन, सुएझ, पोर्ट सैद करत मार्सेलिसला पोचायचे आणि घाई असेल तर तिथे उतरून रेल्वेने लंडन गाठायचे, गांधीजी तसेच गेले. 'व्हाइसरॉय'चं थाटमाटाचं काम होतं, १९२९ ची नवी कोरी बोट, इंजिनं टर्बो-इलेक्ट्रिक म्हणजे वाफेवर वीज करायची आणि त्या विजेवर बोट ढकलणारे पाण्यातले पंखे फिरवायचे, त्यामुळे आवाज आणि हादरे कमी. आत पोहण्याचा तलाव होता, पी अँड ओच्या बोटीत असा तलाव पहिल्यांदाच आला. १९३२ मधे तिने लंडन-मुंबई प्रवासाच्या वेगाचा विक्रम केला होता, त्या काळात हे भारीच होतं.

'राजपुताना' त्या मानाने साधी, १९२५ ची, साडेसोळा हजार टनांची. गांधीजींनी सेकंड क्लासचं तिकीट काढलेलं आणि बराचसा वेळ डेकवरच काढला, झोपणंसुद्धा डेकवर, रोजची प्रार्थना आणि सूतकताई चालूच. बरोबर सरोजिनी नायडू, मालवीयजी, मीराबेन, महादेवभाई. त्याआधी १९२९ मधे पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात गाजलेला ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स ऑफ अरेबियाही याच बोटीने मुंबईहून इंग्लंडला परतला होता.

आणि ही सगळी मंडळी ज्यांच्या जिवावर प्रवास करायची ते खलाशी आपल्याकडचेच. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि टंडेल, खाली बॉयलरच्या धगीत पंजाबी-पठाण आगवाले आणि वर डायनिंग सलूनमधे गोव्याचे स्टुअर्ड. चरित्रांत यांचं नाव कुठेच येत नाही याची मला खरंच खंत वाटते.

मग १९३९ उजाडलं. ब्रिटिश नौदलाकडे क्रूझर, म्हणजे लांब गस्तीच्या वेगवान युद्धनौका, कमी आणि राखायचा समुद्र अफाट, मग त्यांनी प्रवासी बोटीच ताब्यात घेतल्या. कारण सरळ होतं, या बोटी वेगवान, लांब पल्ल्याच्या आणि वादळी समुद्रात टिकणाऱ्या. पन्नासेक बोटींवर तोफा बसवल्या, साधारण एका बोटीवर आठ सहा-इंची आणि दोन विमानविरोधी, त्यातल्या मोठ्या तोफा बहुतेक जुन्याच, आधीच्या पिढीच्या युद्धनौकांवरून काढलेल्या. चिलखत मात्र शून्य. कितीही तोफा लावा, बाजू तर प्रवासी बोटीचीच, उंच आणि पातळ पत्र्याची, लांबून नेम धरायला एकदम सोपी. बुडायला वेळ लागावा म्हणून काहींच्या पोटात रिकामी पिंपं ठासून भरायचे! 'मुलतान'चं तर मागचं धुरांडं कापून छोटं केलं, ते नुसतं दिखाव्याचं होतं आणि विमानविरोधी तोफांच्या आड येत होतं. हे वाचल्यापासून त्या बोटीचा फोटो बघितला की माझी नजर आधी त्या धुरांड्यावर जाते.

याचा शेवट काय होऊ शकतो ते 'राजपुताना'च्या सख्ख्या बहिणीने दाखवलं. राजपुताना, रावळपिंडी, रांची आणि रणपुरा या चौघी एकाच साली बांधलेल्या. २३ नोव्हेंबर १९३९ ला 'रावळपिंडी' आइसलंड आणि फेरो बेटांच्या मधल्या समुद्रात गस्तीवर होती आणि समोर आल्या जर्मनांच्या 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ', दोन्ही अस्सल युद्धनौका, प्रत्येकीवर अकरा इंची नऊ तोफा. हिचा गोळा ४५ किलोचा, त्यांचा ३०० किलोच्या वर. कॅप्टन एडवर्ड केनेडी साठीचे, निवृत्तीतून परत आलेले. थांबा असा इशारा आला, ते थांबले नाहीत. वायरलेसवरून शत्रू दिसल्याची खबर दिली आणि लढले, एक गोळा 'शार्नहोर्स्ट'ला लागलाही. साधारण चाळीस मिनिटांत सगळं संपलं. केनेडींसकट २३८ माणसं गेली. वाचलेले थोडेफार जर्मनांनीच उचलले आणि काही जण 'चितराल'ने, तीसुद्धा पी अँड ओचीच बोट, तशाच तोफा बसवलेली. मला विचाराल तर अशा बोटी युद्धनौकांच्या वाटेवर पाठवणं हा त्या माणसांवर अन्यायच होता, नौदलाची कितीही अडचण असो.

'राजपुताना'वर तोफा चढल्या त्या कॅनडात, एस्क्विमॉल्टला. मग अटलांटिकमधे मालवाहू ताफ्यांची राखण. १३ एप्रिल १९४१ ला आइसलंडच्या पश्चिमेला यू-१०८ या जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारून बुडवलं. चाळीसेक माणसं गेली, त्यात नौदलाने घेण्याआधीचे तिचे शेवटचे पी अँड ओ कॅप्टन रिचर्डसनही होते. पावणेतीनशेच्या वर माणसांना 'लीजन' या विनाशिकेने वाचवलं. ज्या डेकवर गांधीजी सूत कातत बसायचे तो तिथे तळाशी आहे.

'व्हाइसरॉय'वर सैनिक भरले. नोव्हेंबर १९४२ मधे उत्तर आफ्रिकेवर दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा तिने अल्जियर्सला आपले सैनिक उतरवले, आणि रिकामी परतताना ११ तारखेला ओरानजवळ यू-४०७ पाणबुडीने तिला गाठून बुडवलं. सैनिक आधीच उतरले होते म्हणून मृत्यू फक्त चार.

वाचली ती 'मुलतान'. आधी तोफा घेऊन पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनच्या बाजूला, मग १९४१ पासून सैन्यवाहू. युद्धानंतर ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला निघालेली इंग्लिश कुटुंबं नेत राहिली आणि १९५४ मधे स्कॉटलंडात फॅसलेनला भंगारात गेली.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर किंवा चिता काहीच मिळालं नाही अशा अविभाजित भारताच्या खलाश्यांची नावं नोंदवलेली आहेत. नौदलाचे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,०००. तुमच्यापैकी कुणाचे पणजोबा रत्नागिरी, रायगड किंवा गोव्यातून पी अँड ओवर गेले असतील आणि त्यांचं बोटीच्या नोकरीचं जुनं पुस्तक घरी ट्रंकेत असेल तर प्लीज बाहेर काढा, त्यात बोटीचं नाव आणि तारखा असतात. या तीन बोटींपैकी एखादी त्यात निघाली तर मला नक्की कळवा, त्या तारखा या प्रवासांच्या तारखांशी जुळवून बघायच्या आहेत.