बैठकीची भिंत आणि विलायती कागद

आर्वी तालुक्यात आमचं गाव. बाबांनी १९९८ साली विटांचं घर बांधलं, आतून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर चुना मारला. इतकी वर्षं त्यावरच निघाली. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा सौ.नं मला हाताला धरून बैठकीत नेलं. पोपडे, चिरा, आणि जमिनीपासून दोन हात वरपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा खार. पाहुणे काय म्हणतील?

मे महिन्यात भाचा इंग्लंडहून आला. त्याचं घर तिकडचं जुनं, लाकडी पट्ट्यांवर चुन्याचं प्लास्टर केलेलं. अशा भिंतींना केसाएवढ्या चिरा पडतात, म्हणून रंगाआधी लायनिंग पेपर चिकटवतात. कागदाला नंबर असतो. आकडा जितका मोठा तितका कागद जाड. त्यानं चौदाशे नंबरची एक गुंडाळी बॅगेतून आणलीच होती. "मामा, पुट्टी घासायची कटकट नाही."

आमचा पेंटर खो खो हसला. "भाऊ, कागद कायले लावता? उधईले पंगत बसवता का?"

पण भाच्याचं मन मोडवेना. दिवाणामागं एक पट्टी लावायची ठरली. मैद्याची खळ शिजवली, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं राहून गेलं. भिंतीला आधी पातळ खळ फासली, मग कागद, कोरड्या ब्रशनं हवा काढली. दुसऱ्या दिवशी रंगाचे दोन हात. खोटं कशाला बोलू, तेवढा भाग इतका सपाट दिसत होता की बाकीची भिंत जास्तच भिकार वाटायला लागली. सगळी खोली अशीच करू, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली फट मात्र वेगळी होती. तिच्यात पोस्टकार्ड सरकन आत जायचं. पेंटर म्हणाला, ही प्लास्टरची चीर नाही, खालच्या काळ्या मातीची आहे. आपली माती उन्हाळ्यात वाळून आकसते, पावसात पाणी पिऊन फुगते, अन् पाया तिच्यासंगं हालते. "पावसात पाहा मंग."

पाहिलं. ऑगस्टात त्याच फटीत नखसुद्धा शिरेना. अशा हलत्या जागेवर कागद लावा की पुट्टी, वर्षभरात फाटणारच.

त्याच आठवड्यात दिवाण सरकवला. पट्टी गुळगुळीत, पांढरी, होती तशीच. बोटानं दाबली तर कुरकुर आवाज झाला आणि बोट आत गेलं. कागद संपला होता. मागं वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या, आणि वर नुसती रंगाची साय उरलेली. भाच्याला फोटो पाठवला. त्यानं हात जोडलेलं चिन्ह पाठवलं.

काम दिवाळीनंतर काढलं. मे महिन्यात तापलेली भिंत पुट्टीतलं पाणी लगेच ओढून घेते, म्हणून पेंटरच थांबा म्हणाला होता. खालचा लोणा सोडला तर तीन भिंती कोरड्या आणि धड होत्या. त्यांचा जुना चुना पार खरवडला, कारण सुटत्या चुन्यावर काहीच धरत नाही. मग भिंत ओली करून पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिशपेपर, प्रायमर, रंग. घासताना धूळ इतकी की तांदळाच्या कोठीतही गेली.

लोणा चढलेल्या खालच्या भागात पुट्टी नाही, प्लास्टिक रंगही नाही. खार आतून येतो, वरचा रंग फुगवून पापुद्रे काढतो. तिथं नुसत्या प्लास्टरवर चुनाच. सौ.ला पटलं नाही. मी गेरूची पट्टी ओढून तडजोड केली.

खिडकीच्या भिंतीलाही नुसतं प्लास्टर, प्रायमर आणि रंग. फट भरलीच नाही, एक साल पाहू म्हणून. लग्नात ती पडद्याआड गेली. पुट्टीचा जो पैसा वाचला त्यात भर घालून त्या बाजूला बाहेरून तीन फूट उताराची फरशी टाकली, कारण पत्र्याची पागोळी थेट पायाशी पडत होती.

यंदा मे महिन्यात पोस्टकार्ड घेऊन पुन्हा उभा राहिलो. कडेपुरतं शिरलं, पुढं गेलं नाही.