कॉट, दिवाण, कॅनोपी : साहेबाच्या बेडरूममधले शब्द आले कुठनं?

कोल्हापुरात राजारामपुरीत नाहीतर युनिव्हर्सिटीच्या बाजूला फिरलात तर लाईटच्या खांबावर 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशी चिठ्ठी दिसतेच. कॉट म्हटलं की लोखंडी, कुशीवर वळलं की कुईकुई करणारी वस्तू आठवते आणि शब्द एकदम पक्का इंग्लिश वाटतो. पण ती आपली खाटच आहे बघा. संस्कृतात खट्वा, (तोसुद्धा मूळचा द्राविडी असावा असं काही अभ्यासक मानतात, तमिळमध्ये पलंगाला कट्टिल म्हणतात), तिची खाट झाली, १७व्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी ती उचलली, जहाजावर टांगायच्या कापडी बिछान्याला कॉट म्हणायला लागले, पुढं इंग्लंडात तान्ह्या बाळाच्या कठडेवाल्या पलंगाला तेच नाव पडलं, आणि एवढं सगळं फिरून झाल्यावर ती आपल्याकडं परत आली. आपण काय केलं, तर खाट गावाकडची आणि कॉट शहरातली असं ठरवून मोकळे झालो.

पालखीचं पण तसंच. संस्कृतात पर्यंक किंवा पल्यंक म्हणजे पलंग, त्यातनंच पलंग आला आणि पालखीपण. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी हा शब्द त्यांच्या पद्धतीनं वळवला आणि त्यांच्याकडनं इंग्रजीत पॅलंक्विन गेला. म्हणजे शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी निघते ती शब्दाच्या नात्यानं पलंगाची सख्खी बहीण.

मला सगळ्यात भारी वाटतो तो दिवाण. आतमध्ये पेटी असलेला, जादाच्या गाद्या, वाकळा आणि लग्नात मिळालेली न उघडलेली भांडी कोंबायचा दिवाण. हा शब्द फारसी आणि मुळात त्याचा झोपण्याशी काहीच संबंध नाही! आधी दिवाण म्हणजे लिहिलेल्या कागदांची चळत, हिशोबाची वही. (शायर लोकांच्या संग्रहाला दिवाण म्हणतात ते यामुळंच.) मग ती वही जिथं ठेवतात ते ऑफिस म्हणजे दिवाण, मग तिथं भरणारा दरबार, आणि त्या दरबारात भिंतीला लागून लोडतक्क्यांची जी बैठक असायची तिलाच लोक दिवाण म्हणायला लागले. इंग्रजीत बैठक म्हणून हा अर्थ गेला आणि पुढं त्यावर माणसं झोपायला लागली. मराठीत मात्र सगळेच टप्पे अजून जिवंत आहेत, दिवाणजी हिशोब बघतात, दिवाणी कोर्टात जमिनीच्या केसी पिढ्यान्‌पिढ्या चालतात, दिवाणखान्यात पाहुणे बसतात आणि दिवाणावर दुपारी आजोबा आडवे होतात.

मॅट्रेस अरबी. तरह म्हणजे फेकणं, मत्रह म्हणजे जिथं काहीतरी टाकलंय ती जागा. जमिनीवर गाद्या-उशा टाकायच्या आणि लोळायचं, इटालियन आणि फ्रेंचमधनं ही पद्धत शब्दासकट युरोपात पोचली. आपण तरी वेगळं काय म्हणतो, "अंथरूण टाक गं" असंच म्हणतो की.

आता कॅनोपी. पलंगावरची ती राजेशाही छत्री, झालरी, पडदे, सिनेमात राणी झोपते तसली. ग्रीक भाषेत कोनोप्स म्हणजे डास. कोनोपिऑन म्हणजे डासांसाठी पडदे लावलेला पलंग. संपलं! एवढा थाट आणि मुळात मच्छरदाणी. रंकाळ्याच्या कडेला राहणाऱ्यांना हे पटकन पटेल. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये याच शब्दाचं कनापे झालं, म्हणजे सोफा, आणि पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून देतात तो स्टार्टर पण कनापेच, कारण वरचा माल सोफ्यावर बसल्यासारखा दिसतो. पाचशे रुपये प्लेटचा डास खातो आपण.

पलंगपोसाला इंग्रजीत काउंटरपेन म्हणतात, त्यात काउंटर पण नाही आणि पेनपण नाही. लॅटिन कुल्किता पुंक्ता, टाके घालून शिवलेली गादी, ते फ्रेंचमध्ये जाऊन बोलता बोलता बिघडलं आणि हे झालं. कुल्कितापासनंच क्विल्ट पण आलं. थोडक्यात वाकळ! जुनी लुगडी एकावर एक ठेवून धावदोरा घालणाऱ्या आपल्या आज्ज्यांना हे कुणी सांगितलं असतं तर "मग त्यात काय" म्हणाल्या असत्या.

अजून एक, ट्रकल बेड. मोठ्या पलंगाखाली ढकलून ठेवायचा बुटका, चाकांचा पलंग. रात्री तो ओढून नोकर नाहीतर शिकाऊ पोरगं त्यावर झोपायचं, मालक वर आणि हे खाली, त्यावरनं इंग्रजीत ट्रकल म्हणजे कुणापुढं लाचारी करणं असा अर्थ पडला. पलंगाच्या उंचीवरनं माणसाची पायरी ठरायची राव.

आणि त्या काळात पलंग ही साधीसुधी वस्तू नव्हतीच, मृत्युपत्रात लिहून ठेवायची. शेक्सपिअरनं १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला दोन नंबरचा पलंग "फर्निचरसकट" दिला. दोन नंबरचाच का यावर लोक अजून भांडतात. सगळ्यात चांगला पलंग पाहुण्यांसाठी असायचा आणि दोन नंबरचा म्हणजे नवराबायकोचा स्वतःचा, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं, मला ते पटतं, आपल्याकडं पण चांगली चादर पाहुणा आल्याशिवाय बाहेर निघत नाही. पण खरी मजा त्या फर्निचर शब्दात आहे. तेव्हा पलंगाचं फर्निचर म्हणजे गादी, पांघरुणं, पडदे असला सगळा सरंजाम. आज दुकानात जाऊन फर्निचरमध्ये गादी धरा म्हणून बघा, मालक पलंगाचं बिल करतो आणि म्हणतो, गादीचं वेगळं पडेल साहेब.